मंगळावरचं ठाणं

मी बी. कॉम. विज्ञानाशी माझा संबंध दहावीला सुटला. आता बँकेतला कॉम्प्युटर बंद पडला की तेवढ्यापुरता जुळतो. तरीही दिवाळीच्या सुट्टीत परंदवडीच्या घरी पोरांनी मला शास्त्रीय सल्लागार नेमलं. बिनपगारी. पात्रता एकच : मी नारळीकर वाचलेत!

खेळ असा : प्रत्येकाने एक पात्र घ्यायचं, फासे टाकायचे आणि बोलत बोलत गोष्ट पुढे न्यायची. आमच्या ओसरीचं मंगळावरचं ठाणं झालं. कप्तान चिरंजीव. त्यांनी आल्या आल्या अवकाशात शत्रूचं यान 'धडाम्' करून उडवलं.

"नामंजूर! पोकळीतून आवाज येत नाही."

"पण काका, आवाजाशिवाय मजा काय?" पुतणी म्हणाली.

"मजेला व्हाउचर नसतं," मी बजावलं.

मग कप्तानाने पृथ्वीला फोन लावला. तोही नामंजूर. प्रकाशाच्या वेगाने गेला तरी निरोप पोचायला कमीत कमी ३ मिनिटं. मंगळ पार सूर्यापलीकडे असला तर २२. उत्तराला पुन्हा तेवढीच!

वर मी नारळीकरांचा दाखला दिला. १९७४ साली त्यांनी मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला 'कृष्णविवर' ही कथा पाठवली, ती 'नारायण विनायक जगताप' या नावाने, स्वतःची आद्याक्षरं उलटी करून. पहिलं बक्षीस मिळालं. "बघा, सूट घेतली ती नावात, विज्ञानात नाही!" (आमच्या काउंटरवर मी सही जुळत नाही म्हणून कथा परत केली असती, ही गोष्ट वेगळी.)

तेवढ्यात चिरंजीव वहीत लिहिता लिहिता म्हणाले, "ठाण्यावर स्वयंपाकाला आजी आहे."

आईला जाऊन गणपतीत वर्ष झालं. जन्मात लोणावळ्याचा घाट न उतरलेली बाई, आणि मंगळावर! ही नोंद कुठल्याच खात्यात बसेना. पोरं माझ्या तोंडाकडे बघत राहिली.

"चालेल," मी म्हटलं.

"मग धडाम् का नाही?" पुतणीचा सवाल बिनतोड होता. मी मुकाट्याने धडाम् मंजूर केलं.

पुढच्या डावात पृथ्वीवरून मी ठाण्याला निरोप धाडला : 'आई, जेवलीस का?' आणि घड्याळ उशाला ठेवून ओसरीवर आडवा झालो.

आतून सौभाग्यवतींची हाक आली, "अहो, पानं वाढलीत!"

"४४ मिनिटं थांब," मी म्हटलं. "आईचं उत्तर यायचंय."