हवेचा कुंचला

लहान प्रतिकृती रंगविताना सर्वांत मोठी अडचण असते ती रंगाच्या जाडीची. रेल्वेच्या प्रतिकृतींसाठी १:८७ हे प्रमाण जगभर रूढ आहे. मीटरगेजच्या दोन रुळांमधील १००० मिलिमीटरचे अंतर या प्रमाणात जेमतेम साडेअकरा मिलिमीटर उरते. अशा डब्यावर रंगाचा थर मिलिमीटरच्या दहाव्या हिश्श्याइतका जाड बसला, तरी खऱ्या डब्यावर जवळजवळ नऊ मिलिमीटरचा लेप चढविल्यासारखे दिसते. पत्र्यावरील रिव्हेट, दारांच्या कड्या, सारे त्यात बुजून जाते. दाबाखालील हवेने रंगाचे सूक्ष्म तुषार उडविणारा एअरब्रश या अडचणीवरचा उपाय आहे. मात्र तो निवडताना किमतीखेरीज अन्य गोष्टींचाही विचार करावा लागतो.

नांदेडातील कापसाच्या व्यापारातील एका कुटुंबात हा विचार साग्रसंगीत झाला. घरचा नातू विष्णुपुरीच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकतो. नांदेडहून मनमाडकडे जाणारा लोहमार्ग पूर्वी मीटरगेजचा होता आणि आजोबांच्या उमेदीच्या काळात कापसाच्या गाठी त्याच मार्गाने रवाना होत. त्या मालडब्याची प्रतिकृती करावी आणि तिला तांबूस रंग देऊन वर गंजाची हलकी छटा आणावी, असे नातवाने ठरविले.

आजोबांचा पहिला प्रश्न निराळाच होता. “हे काम साध्या कुंचल्याने का होत नाही, आणि कुंचल्याचे केस असतात तरी कशाचे?” नातवाने माहिती काढली. उंची कुंचल्यांसाठी कोलिन्स्की नावाच्या, मुंगसासारख्या दिसणाऱ्या सायबेरियन प्राण्याच्या शेपटीचे केस वापरतात. आपल्याकडे मुंगसाच्या केसांचे कुंचले चोरून विकले जातात. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने मुंगसाला संरक्षण दिले आहे. तरीही हा व्यापार चालू राहिल्याने वन्यजीव गुन्हे नियंत्रण ब्युरोला २०१९ मध्ये ‘ऑपरेशन क्लीन आर्ट’ ही देशव्यापी मोहीम हाती घ्यावी लागली. केसांसाठी त्या जिवाला मारले जाते, हे ऐकून आजोबा म्हणाले, “मग तुझा हवेचा कुंचलाच बरा. पण तो नीट पारखून घे.”

पारख पुढीलप्रमाणे झाली. एकेरी क्रियेच्या एअरब्रशमध्ये कळ दाबताच हवा आणि रंग एकदमच येतात; रंगाचे प्रमाण वेगळ्या स्क्रूने आधी ठरवावे लागते. दुहेरी क्रियेत कळ दाबली की हवा येते आणि ती मागे ओढली की रंग. हात बसायला वेळ लागतो, पण गंजाची छटा अशाच यंत्राने साधते. रंगाची वाटी वर असलेल्या प्रकारात रंग स्वतःच्या भाराने उतरतो, म्हणून थोडे थेंब व कमी दाब पुरतो. खाली बाटली असलेला प्रकार मोठ्या पृष्ठभागासाठी सोयीचा. नोझल ०.२ मिलिमीटरचे घेतले तर रेषा बारीक येते, पण ते लवकर तुंबते, ०.५चे ढोबळ कामाचे. नवशिक्याने दुहेरी क्रियेचा, वरच्या वाटीचा, ०.३ मिलिमीटरचा एअरब्रश घ्यावा, असा निर्णय झाला.

व्यापारी माणूस वस्तूच्या किमतीबरोबर तिचा पुढील खर्चही मांडतो. एअरब्रशला कॉम्प्रेसर लागतो. टाकी नसलेल्या कॉम्प्रेसरची हवा धडधडत येते आणि रंग ठिपक्याठिपक्यांनी बसण्याची भीती असते. टाकी असेल तर दाब स्थिर राहतो. दाब मोजून कमी-अधिक करण्याची सोय हवी, कारण अशा कामाला साधारण १५ ते २० पीएसआय पुरतो. पावसाळ्यात दाबलेल्या हवेतील बाष्पाचे पाणी होऊन ते रंगात मिसळते, म्हणून पाणी अडविणारी गाळणी आवश्यक. उलट मराठवाड्याच्या उन्हाळ्यात अॅक्रिलिक रंग सुईच्या टोकावरच वाळतो. त्यासाठी रंग दुधाइतका पातळ करून त्यात वाळण्याचा वेग कमी करणारे द्रव्य घालावे लागते. प्रत्येक रंगानंतर धुलाई अटळ. स्वस्त संच घेऊन या गोष्टी टाळल्या, तर काही दिवसांतच यंत्र माळ्यावर जाते.

खरा मतभेद झाला तो जागेवरून. नातू वसतिगृहाच्या बंद खोलीत रंगकाम करणार होता. तेथे आणखी दोन मुले राहतात. आजोबांचे आयुष्य जिनिंगच्या तंतूंत गेले आणि त्या धुळीचा खोकला अजून त्यांच्या छातीत आहे. ते ठामपणे म्हणाले, “डोळ्यांना न दिसणारी धूळ काय करते, ते मला विचार. आपली हौस दुसऱ्याच्या श्वासात जाता कामा नये.” नातवाने प्रथम कुरकूर केली. अखेर घरी खिडकीपाशी, धुके बाहेर फेकणाऱ्या पंख्याची पेटी बसविण्याचे ठरले. रंग पाण्यात मिसळणारेच घ्यायचे आणि तोंडाला मास्क लावायचा, हेही ठरले. मुहपत्ती पाहत वाढलेल्या मुलाला त्याचे नवल वाटले नाही.

एअरब्रश आल्याने कुंचल्याची गरज मात्र संपत नाही. डब्यावरील अक्षरे आणि कड्या हातानेच रंगवाव्या लागतात. त्यासाठी नायलॉनचे दोन कुंचले आणले गेले. विकत घेण्यापूर्वी नातवाने दुकानदाराला केस कशाचे आहेत, हे आपणहून विचारले. जयणा म्हणजे प्रत्येक कृतीत जिवाची काळजी वाहणे. ही शिकवण मुलांच्या छंदापर्यंत पोहोचवायची असेल, तर त्यांच्या खरेदीच्या वेळी वडीलधाऱ्यांनी असे प्रश्न अवश्य विचारावेत.