पदकाची कड

जुनं पदक हातात आलं की लोक आधी राजाचा चेहरा बघतात. मी कड बघतो. पहिल्या महायुद्धाच्या पदकांच्या कडेवर बारीक इंग्रजी अक्षरांत नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण उमटवलेली असते. लढाईला गेलेल्या माणसाच्या शोधाला पहिला भक्कम आधार तिथेच मिळतो. धातूवरूनही कळतं: लढाऊ शिपायाला ब्रिटिश युद्धपदक चांदीचं मिळालं, मजूर तुकड्यांतल्या माणसांना तेच पदक ब्राँझचं. मला घरांतून ब्राँझचीच जास्त भेटतात. चांदीची बरीचशी अडीनडीला सोनाराकडे गेली. ती चांदी कुणाच्या पैंजणांत अजून असेलही, पण कडेवरचा नंबर मुशीतच संपला.

घरच्यांना वाटतं, आजोबा लढाईला गेले तर त्यांचा कागद दिल्लीला नाहीतर लंडनला असणार. मी त्यांना आधी तलाठ्याकडे पाठवतो. नुसत्या नावावर माणूस सापडत नाही. बाप कोण, भाऊ किती, लग्न झालं होतं का, जमीन पुढे कुणाच्या नावावर गेली, हे जुळल्याशिवाय फौजेच्या यादीतला राघो आपलाच राघो ठरत नाही. शिवाय आमच्याकडचं जासई गाव आज उरण तालुक्यात असलं तरी जुन्या कागदांत ते तसं शोधून चालत नाही. तेव्हा उरण हा पनवेल तालुक्याचा पेटा होता आणि रायगड जिल्ह्याचं नाव १९८१पर्यंत कुलाबा होतं. शोधायचं ते ‘जासई, पनवेल, कुलाबा’.

या बाबतीत आमच्या गावांकडे एक ठेवा आहे, जो इतरत्र सहसा नसतो. १९७०नंतर नवी मुंबईसाठी इथली जमीन गेली. १९८४च्या जानेवारीत, १६ आणि १७ तारखेला, जासईतच जन्मलेल्या दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली शेतकरी रस्त्यावर उतरले. गोळीबारात पाच जण हुतात्मा झाले आणि त्या लढ्यातून साडेबारा टक्के विकसित जमिनीचा हक्क मिळाला. तो हक्क मागायला घरोघरी वंशावळी काढाव्या लागल्या. वारस नोंदी, फेरफार, प्रतिज्ञापत्रं जमली. लग्न होऊन गेलेल्या आत्या, बिनलग्नाचे चुलते, गाव सोडून गेलेले भाऊ, सगळे कागदावर आले. त्या वंशावळीत ‘मयत, निपुत्रिक’ एवढ्यावर संपलेला थोरला चुलता हाच पुष्कळदा लढाईला गेलेला माणूस निघतो. ते पाच जण उभे राहिले नसते तर ही वंशावळही कुणी मांडली नसती, हे मी प्रत्येक घरात बसल्यावर सांगतो.

म्हाताऱ्या माणसांना साल विचारून उपयोग नाही. “आजा लराईला गेल्ता,” एवढं ठाम सांगतात. कुठल्या लढाईला, ते नाही. मग मी मुलखाच्या खुणा धरतो. मानमोडीची साथ आली तेव्हा तो घरी होता का? म्हणजे १९१८. चिरनेरला गोळीबार झाला तेव्हा? २५ सप्टेंबर १९३०. मुंबईची गोदी फुटली तेव्हा? १४ एप्रिल १९४४. रामदास बोट बुडाली तेव्हा? १७ जुलै १९४७. आता या सगळ्या ऐकीव खुणा झाल्या आहेत. पण सासूने सुनेला सांगितलेलं साल चुकलं तरी आधी काय आणि मग काय, हा क्रम सहसा चुकत नाही. “चिरनेरच्या वक्ताला त्याची पोरं मोठी झालेली” असं कुणी म्हणालं की पहिलं महायुद्ध धरून कामाला लागायचं.

त्या युद्धाला गेलेल्यांबद्दल कोकणात एकच शब्द राहिला आहे: बसरा. तो खराही आहे. १०३, ११० आणि ११७ या मराठा पलटणी मेसोपोटेमियात होत्या. ७ डिसेंबर १९१५पासून २९ एप्रिल १९१६पर्यंत कुत-अल-अमाराच्या वेढ्यात त्या उपाशी लढल्या आणि शरणागतीनंतर तुर्कांच्या कैदेत गेल्या. १९२२च्या फेररचनेत ११० क्रमांकाची पलटण पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीची तिसरी बटालियन झाली. म्हणून पणजोबा ‘एकशे दहावीत’ आणि आजोबा ‘पाचवी मराठात’ असं घरात सांगत असतील, तर दोघे एकाच पलटणीचे असू शकतात. याच तिसऱ्या बटालियनमध्ये आपल्या जिल्ह्यातल्या माणगाव तालुक्यातल्या पळसगावचे नाईक यशवंत घाडगे होते. १० जुलै १९४४ला इटलीत, तिबर नदीच्या खोऱ्यात, सगळी तुकडी पडल्यावर त्यांनी एकट्याने मशिनगनच्या मोर्च्यावर चाल केली. मॅगझिन बदलायला वेळ नव्हता, तेव्हा बंदुकीच्या दस्त्याने उरलेल्या दोघांना मारलं आणि तिथेच गोळ्या लागून ते पडले. वय २२. मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, माणगावात पुतळा आहे. त्यांची कबर मात्र कुठे नाही. नाव कॅसिनोच्या स्मारकावर आहे.

घाडग्यांचा कागद सापडतो, कारण ते पडले आणि गाजले. बसऱ्याच्या स्मारकावर ४० हजारांहून अधिक मृतांची नोंद आहे. त्यात हिंदी अधिकाऱ्यांची नावं कोरली, साध्या शिपायांचा मात्र पलटणीपुढे नुसता आकडा घातला. ही विषमता राष्ट्रकुल युद्धस्मशान आयोगाने स्वतः २०२१च्या अहवालात मान्य केली आणि माफी मागितली. मला ती वाचून समाधान झालं नाही. शंभर वर्षांत त्या आकड्यांची बायकापोरं मरून गेली होती.

जे परत आले त्यांचा कागद त्याहून विरळ. पहिल्या युद्धातून धडधाकट परतलेल्या शिपायाची स्वतंत्र फाइल बहुधा हाती लागत नाही. दुसऱ्या युद्धातल्या पेन्शनराची आशा असते: मराठा पलटणीचा असेल तर बेळगावचं अभिलेख कार्यालय, नाहीतर अलिबागचं जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय.

सगळ्यात अवघड ते, जे आजारी होऊन घरी आले आणि घरीच गेले. आयोग पहिल्या युद्धाचे मृत ३१ ऑगस्ट १९२१पर्यंत धरतो. त्या तारखेआधी, सेवेत लागलेल्या दुखण्याने माणूस वारला असेल, तर तो घरच्या खाटेवर वारला तरी युद्धाचा मृत ठरू शकतो. इथे कोतवाल बुक कामाला येतं, गावचं जुनं जन्म-मृत्यूचं दप्तर. मी मोडी शिकलो ते त्यासाठीच. पण मरणाच्या कारणापुढे कोतवाल लिहितो ‘ताप’. हिवताप मेसोपोटेमियातून आणलेला असेल, इथल्या खाजणातला असेल, नाहीतर तो ताप मानमोडीचाही असेल. एका घरातल्या मुलाने मला विनवलं, “काका, तुम्ही लढाईचा ताप असं लिहा ना.” मी लिहिलं नाही. परतल्याची तारीख, वारल्याची तारीख आणि मधलं अंतर, एवढंच लिहिलं. हे कुटुंबाला थंडपणाचं वाटतं, पण त्या माणसाबद्दल मला जी आस्था आहे ती त्याच्या नावावर खोटं चढवू देत नाही. म्हणूनच खानसामा, भिस्ती, खेचरवाला निघाला तर तसंच लिहितो. पाणी पोचवणाऱ्याच्या पखालीवाचून कुतमध्ये कुणी एक दिवसही काढला नसता.

आमच्या खाडीकाठाला तर पलटणीपेक्षा बोट जवळची. मुंबईत मशीद बंदरच्या इंडियन सेलर्स होममध्ये पहिल्या महायुद्धात समुद्रात गेलेल्या दोन हजारांहून अधिक हिंदी खलाशांचं स्मारक आहे. त्यांना समुद्रावाचून दुसरी कबर नाही. इथली कितीतरी माणसं मुंबईला जाताना मशीद बंदर स्टेशनावरून पुढे जातात आणि असं काही तिथे आहे हे त्यांना ठाऊक नसतं. खलाशाच्या शोधात पलटणीच्या जागी बोटीचं नाव लागतं. ते कळलं की कंपनी कळते, बोट बुडाल्याची तारीख कळते, मग ती तारीख यादीतल्या नावांशी ताडता येते. करंज्याच्या एका आजींनी निरोप पाठवला आहे की त्यांना आजेसासऱ्यांच्या बोटीचं नाव सासूच्या तोंडून ऐकलेलं आठवतं, अर्धंमुर्धं. फोनवर सांगू नका म्हटलंय. समोर बसून, आजी जसं उच्चारतील तसंच उतरवून घ्यायचं आहे.