सगोत्र

भाऊबीजेच्या सकाळी आमच्या मंचरच्या दारात एक लालभडक गाडी येऊन थांबली, तेव्हा तिच्या पोटाखालून काहीतरी काळे लोंबत होते. पुतण्या पुण्याहून माझ्या मुलीकडून ओवाळून घ्यायला आला होता. गाडी दोनच माणसांची, शर्यतीच्या थाटाची, आणि इतकी बुटकी की तिच्याखाली वीतभरही जागा नव्हती.

"काका, तुमच्या शाळेपुढचा तो गतिरोधक कुणा शहाण्याने करवला हो?"

मी चहाचे आधण ठेवायच्या निमित्ताने आत गेलो. तो शहाणा मीच! दोन वर्षांपूर्वी माझ्या वर्गातला एक मुलगा तिथे मोटारसायकलखाली सापडला. अर्जावर सह्या घेत मी दारोदार हिंडलो, आणि गतिरोधक झाला. इंडियन रोड्स काँग्रेसच्या नियमातला गोल उंचवटा १० सेंटिमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद असतो. आमचा मात्र उंचीला उदार आणि रुंदीला कंजूष निघाला.

ओवाळणी होताच गाडी हळूहळू हाकत नाशिक रस्त्यावरच्या गॅरेजात नेली. गॅरेजवाला माझा जुना विद्यार्थी. बहिणीकडे निघण्याच्या घाईत होता, तरी शर्ट बदलून गाडीखाली शिरला.

"काढूनच टाक ना तो पत्रा," मी म्हणालो.

"सर, पत्रा नाही, प्लास्टिक आहे. आणि उगाच नाही लावलेलं." गाडीचे पोट उघडे राहिले की धावताना खालचा वारा प्रत्येक नळीला, खाचेला अडखळतो आणि गाडीला मागे ओढतो. चिखलपाणी वर उडते ते वेगळेच. आणि अर्धवट लोंबते ठेवले, तर वेगात वारा पुढच्या कडेत शिरून सबंध तुकडा उपटायचा, तो चाकाखाली यायचा. पुतण्याला रात्रीच पुण्याला परतायचे होते. माझ्या घशाला कोरड पडली.

धुऊन कोरडा केलेल्या तुकड्याच्या पाठीवर दोन अक्षरे उमटलेली होती: पी पी, म्हणजे पॉलिप्रोपिलीन. "हे याचं गोत्र, सर." कोपऱ्यात टोमॅटोचे फुटके क्रेट पडले होते. तेच वितळवून लाव, असे मी सुचवले. माझ्या समाधानासाठी त्याने लावूनही दाखवले, आणि गार झाल्यावर ते ठिगळ नखाने अलगद उचलून माझ्या हातात ठेवले. क्रेट दुसऱ्या जातीच्या प्लास्टिकचे होते. फायबरची चादर आणि रेझिनही या मेणचट अंगावर धड टिकत नाही म्हणे. माणसांत सगोत्र विवाह निषिद्ध, इथे सगोत्रावाचून सोयरीकच जमत नाही!

शेवटी एका जुन्या बंपरवर तीच दोन अक्षरे सापडली. त्याने चिरेच्या टोकाला बारीक भोक पाडले, म्हणजे चीर पुढे धावत नाही. मग चिरेच्या कडा तासून खाच केली, बंपरची पट्टी तापल्या इस्त्रीने दोन्ही कडांसकट वितळवून तीत भरली, आणि आतल्या अंगाला पोलादी जाळी दाबून वर पुन्हा प्लास्टिक सारवले. वारा झेलणाऱ्या पुढच्या कडेला ॲल्युमिनियमची पट्टी बसवली. बोल्टांची फाटलेली भोके रुंद वायसरांखाली झाकली, पण भोके जरा लांबट ठेवली. प्लास्टिक उन्हात वाढते, त्याला हलायला जागा हवी.

"आता शाळेपुढून तिरकं काढा, एकेक चाक चढू द्या," तो पुतण्याला म्हणाला, आणि मग सहजपणे, "सरांनीच करवून घेतलाय तो."

पुतण्याने माझ्याकडे पाहिले. मी मुलाची हकीकत सांगितली.

"पाय कसा आहे आता त्याचा?"

"चालतो. पळत नाही."

परतताना तो काहीच बोलला नाही. गतिरोधकावरून गाडी तिरकी, मुंगीच्या पावलाने गेली. मी कान देऊन बसलो होतो, खरडल्याचा आवाज आला नाही. पलीकडे जाऊन त्याने गाडी कडेला लावली, खाली उतरला, आणि वाकून वितीने गतिरोधकाची रुंदी मोजू लागला.