चांगला अर्धा

करमाडला मामांच्या माळ्यावर, बाजरीच्या कोठीमागे डीबी स्पेक्ट्रम सापडला. मूळ ब्रिटनच्या सिंक्लेअरचा स्पेक्ट्रम प्लस. डेसिबेल्स कंपनीने १९८६ मध्ये परवान्याने भारतात आणलेला.

"राहू दे रे, मी जाळलाय तो," मामा खालूनच म्हणाले.

ही गोष्ट घरात सगळ्यांना पाठ होती. मामांनी डेअरीच्या दुधाच्या हिशेबाचा प्रोग्रॅम लिहिला, मेमरीची एक चिप गेली, त्यांनी ती स्वतः बदलली आणि मशीन कायमचं बसलं. पुढे त्यांनी घरात साध्या मिक्सरचाही स्क्रू उघडला नाही.

कीबोर्डचा पडदा विरला होता, तो नवा घातला. जुन्या टीव्हीला जोडला, तर चक्क चालू झाला! सुरू होताना हे मशीन आपली मेमरी तपासतं आणि शेवटचा पत्ता २३७३२ आणि २३७३३ या घरांत लिहून ठेवतं. तिथे ३२७६७ निघाले. म्हणजे ४८ केबीतले १६च हजर. तेवढ्यात मामांचा प्रोग्रॅम मावणार कसा?

झाकण काढलं. इथे सिंक्लेअरची काटकसर कळते, आणि मला ती फार आवडते. वरच्या ३२ केबीसाठी त्यांनी ६४ किलोबिटच्या, पण अर्धा भाग सदोष निघालेल्या स्वस्त चिपा वापरल्या. टेक्सासच्या ४५३२ चिपेच्या नंबराअखेरचा ३ किंवा ४ सांगतो की चांगला अर्धा कोणता. बोर्डावरचा जंपर तोच अर्धा निवडतो. जंपर म्हणजे टोपण वगैरे नाही, सोल्डर केलेला तारेचा तुकडा. बाइटचा एकेक बिट एकेका चिपेत, म्हणून चिपा आठ. आणि तार आठांना मिळून एकच.

सात चिपांवर शेवटी ४ होता. मामांनी लावलेल्या आठवीवर ३.

सोल्डरिंग स्वच्छ होतं, माझ्यापेक्षा चांगलं. तार एकदा ३ कडे नेऊन परत आणल्याच्या खुणाही दिसत होत्या. म्हणजे जंपरपर्यंत ते पोचले होते. पण एकीसाठी तार फिरवली की उरलेल्या सात बिघडणार.

"दुकानदार म्हणाला, नंबर तोच आहे," मामा म्हणाले.

मी ४१६४ बसवली. ती पूर्ण ६४ किलोबिटची, दोन्ही अर्धे धड, त्यामुळे तार कुठेही असो. पडद्यावर ६५५३५ आलं. मामांनी चष्मा पुसून आकडा दोनदा वाचला.

"डेअरीची कॅसेट निळ्या पिशवीत होती, बघ वर," ते म्हणाले. "आणि स्क्रू ड्रायव्हर इकडे दे. झाकण मी लावतो."