सहकुटुंब सहपरिवार

नावे ठेवणे हे काम आपल्याकडे दोन्ही अर्थांनी आवडीने केले जाते. बारशाला आत्या बाळाच्या कानात हळूच नाव सांगते, आणि जमलेल्या बायका घरी जाताना त्याच नावाला नावे ठेवतात. संगणक घरात आल्यापासून तर हे बारसे रोजचेच झाले आहे. पत्र लिहा, फोटो काढा, विजेचे बिल उतरवून घ्या, प्रत्येक फायलीला नाव हे हवेच! आणि नावे हजारांवर गेली, म्हणजे एकेकाला हाक मारायची कुणी? मग सर्वांना मिळून एकच आमंत्रण धाडावे लागते.

लग्नपत्रिकेवर आपण 'सहकुटुंब सहपरिवार' असे छापतो ना, त्यातलाच हा प्रकार. या दोन शब्दांत किती माणसे मावतात हे पत्रिका कधीच सांगत नाही. यजमानांनी चार पाने धरलेली असतात आणि पाहुणे मेव्हण्यासकट नऊजण येतात. चूक कुणाचीच नसते. पाकीट जो उघडतो, तो अर्थ लावतो, एवढेच.

संगणकाच्या मुलखात हे दोन शब्द म्हणजे एक चांदणी, ज्याला मुले 'स्टार' म्हणतात. 'येथे काहीही चालेल' असा तिचा अर्थ. तिच्या जोडीला प्रश्नचिन्ह असते. ते म्हणते, 'येथे कोणतेही एकच अक्षर चालेल.' या खुणांना वाइल्डकार्ड म्हणतात. पत्त्यांच्या डावात कोणत्याही पानाच्या जागी चालून जाणारे जे पान, त्यावरून हे नाव पडले. इथवर सारे सोपे आहे. परंतु हे पाकीट उघडायचे कुणी, याबद्दल या मुलखातल्या दोन घराण्यांच्या चालीरीती निराळ्या आहेत.

पहिले घराणे युनिक्सचे. अमेरिकेतल्या बेल लॅबोरेटरीजमध्ये केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची यांनी ते उभारले. तिथे दारावर एक कारभारी बसतो. त्याला शेल म्हणतात. चांदणी आली की तो स्वतः पाकीट फोडतो, कोण कोण त्यात बसते याची नावनिशीवार यादी करतो आणि ती यादी आत देतो. आतल्या कामकऱ्याला चांदणी दिसतसुद्धा नाही. १९७१ साली हे यादीचे काम 'ग्लोब' नावाचा एक वेगळाच प्रोग्रॅम करीत असे. 'ग्लोबल' या शब्दाचे ते लघुरूप. पुढे शेलनेच ते काम अंगावर घेतले.

दुसरे घराणे १९८१ च्या एमएस-डॉसचे, आणि त्याचा वारस विंडोज. तिथे पाकीट न फोडता जसेच्या तसे आत जाते. ज्याला काम सांगितले तोच ते उघडतो आणि कुणाला बोलवायचे ते पाहतो.

एवढ्याशा फरकाने केवढे घोटाळे होतात! डॉसच्या काळी प्रत्येक नाव आठ अधिक तीन अक्षरांत बसवावे लागे आणि मध्ये टिंब. म्हणून 'चांदणी-टिंब-चांदणी' म्हणजे यच्चयावत सगळे. विंडोजमध्ये आजही या हाकेला बिनटिंबाच्या फायलीसुद्धा 'ओ' देतात. युनिक्सच्या दारी टिंब हे इतर अक्षरांसारखेच एक अक्षर. ज्यांच्या नावात ते खरोखर आहे, तेवढेच येतात. उलट ज्यांच्या नावाची सुरुवातच टिंबाने होते ती मंडळी पडद्याआड असतात. नुसत्या चांदणीने ती बाहेर येत नाहीत. विंडोजला मोठी आणि लहान इंग्रजी अक्षरे सारखीच, लिनक्सला ती दोन वेगळी माणसे. आणि हाकेला कुणीच आले नाही तर? बॅश नावाचा कारभारी ती चांदणी तशीच आत पाठवतो, आणि झेड-शेल नावाचा कारभारी 'असे कुणी नाही' म्हणून दार लावून घेतो.

हे सारे मला शिकावे लागले ते आमच्या कुलवृत्तांतामुळे. माझी आत्या वीस वर्षे खांद्याला पिशवी लावून गावोगाव हिंडली आणि तिने तो जमवला. एकेका शाखेचे एकेक पान पुतण्याने संगणकावर घातले. कच्च्या पानांच्या नावाशेवटी 'एचटीएम', पक्क्यांच्या शेवटी 'एचटीएमएल'. आत्या गेली. तिच्या वह्यांपैकी निम्म्या वाळवीने खाल्ल्या होत्या. म्हणजे जे काही उरले, ते त्या पक्क्या पानांतच.

एका रविवारी पुतण्या म्हणाला, "काका, कच्ची पाने एका ओळीत पुसून टाकतो. चांदणी, टिंब, एचटीएम!"

आतून सौभाग्यवतींचा आवाज आला, "आधी यादी वाचून दाखव हो. मग काय ते पूस."

तीन मुलींची लग्ने निभावलेल्या बाईचा हा शहाणपणा होता. पुतण्याने जरा कुरकुरतच 'पुसा'च्या जागी 'दाखवा' असा हुकूम दिला, आणि तो गप्पच झाला. यादीत कच्च्या पानांबरोबर सगळी पक्की पानेही उभी होती!

कारण मोठे गमतीचे आहे. विंडोज ९५ ने १९९५ साली घरोघरी लांब नावे आणली. पण जुन्या प्रोग्रॅमांची अडचण होऊ नये म्हणून प्रत्येक लांब नावाला आठ-तीनचे एक टोपणनावही देऊन ठेवले. एचटीएमएलचे टोपणनाव तीन अक्षरांत बसवायचे म्हणजे एचटीएमच. ही सोय जिथे चालू असते, तिथे चांदणी पाळण्यातले नाव पाहते आणि टोपणनावही पाहते. 'बंड्या' म्हणून हाक मारावी आणि रावसाहेबांनी उठून उभे राहावे, तसे झाले! लिनक्सवर याच हुकुमाने फक्त कच्ची पाने गेली असती. इथे आत्याची वीस वर्षे गेली असती.

त्यानंतर पुतण्याने आपल्या लिनक्सच्या यंत्रावर सगळ्याची नक्कल केली. तिथे वऱ्हाडातल्या शाखा 'वऱ' आणि चांदणी असे सांगून वेगळ्या काढल्या, तर पडद्यावर पाच. आत्याच्या उरलेल्या वहीत सात! दोन पाने दुसऱ्या कुणी टंकली होती. एकाने 'ऱ' हे स्वतंत्र अक्षर घेतले होते. दुसऱ्याने साध्या 'र'चा पाय मोडून पुढे एक न दिसणारे चिन्ह ठेवले होते. डोळ्यांना दोन्ही वऱ्हाडे एक, यंत्राला दोन. आपल्या लिपीची ही गोष्ट ध्यानात ठेवावी. 'मी' हे आपण एक अक्षर समजतो. यंत्राच्या हिशेबी ती 'म' आणि वेलांटी अशी दोन, म्हणून त्याला प्रश्नचिन्हेही दोन लागतात.

कच्ची पाने शेवटी एकेक उघडून, पक्क्याशी ताडून पुसली. दोन रविवार आणि पुष्कळ चहा लागला. त्या निमित्ताने मी कुलवृत्तांत प्रथमच सबंध वाचला. आमच्या जुन्या वंशावळीत मुलग्यांची नावे आहेत आणि पुढे नुसते 'कन्या २', 'कन्या ३'. म्हणजे चांदणीच की! आत्याने एवढी पायपीट केली ती या आकड्यांच्या जागी नावे लिहिण्यासाठी. माझ्या आजीचे माहेरचे नाव गोदावरी होते, हे मला साठाव्या वर्षी त्या पानावर कळले.