अंगणातले सीताफळ

अमेरिकेच्या पूर्व भागातील जंगलांत ‘पॉपॉ’ नावाचे एक फळझाड आढळते. नाव पपईची आठवण करून देणारे असले तरी कुळ मात्र सीताफळाचे. बर्फातही ते तग धरते. त्याचे आपल्याकडील भावंड बर्फ सोसत नाही. पण मुरमाड जमीन आणि पाण्याची ओढ निमूटपणे सोसते. म्हणूनच आमच्या बुलढाणा जिल्ह्यात अजिंठ्याच्या डोंगररांगांवर ते सहज रुजले आहे.

ज्येष्ठांच्या अंगणासाठी मी हेच झाड सुचवतो. त्याची उंची बेताची, त्यामुळे फळे हाताशी येतात. शिडीवर चढावे लागत नाही. पाने शेळ्या खात नाहीत. दोन झाडांत सुमारे पाच मीटर अंतर ठेवावे आणि बुंध्याशी पाणी साचू देऊ नये. हिवाळ्यात पानगळ झाली, की झाड वाळले असे समजून तोडू नये. पालवी फुटण्यापूर्वी हलकी छाटणी करावी. फुले नव्या फुटीवरही येतात. प्रत्येक फुलात स्त्रीकेसर आधी पक्व होतो, पराग नंतर मोकळे होतात. त्यामुळे फळधारणा बरीचशी लहान भुंगेऱ्यांवर अवलंबून असते.

माझे वडील ऐंशीच्या पुढचे, मधुमेही. ‘डोळे’ उघडलेली फळे आढीत घालणे हे घरात त्यांचेच काम. त्यांना फळ पूर्णपणे वर्ज्य करणे मला पटत नाही. शंभर ग्रॅम गरात साधारण २० ते २५ ग्रॅम कर्बोदके असतात. म्हणून साखर आटोक्यात असेल, तर लहान फळाचा अर्धा भाग, तोही जेवणानंतर लगेच नव्हे, मधल्या वेळी खावा. बासुंदी मात्र टाळावी. मूत्रपिंडाच्या रुग्णांनी पोटॅशियममुळे डॉक्टरांना विचारल्याशिवाय हे फळ खाऊ नये. पक्षाघातानंतर गिळण्यास त्रास होत असेल, तर बी घशात अडकण्याचा धोका असतो. अशा रुग्णाला काय व कसे भरवावे, हे आधी डॉक्टरांकडून समजून घ्यावे.

खरी काळजी आहे ती बियांची. उवांवर बियांची पूड लावण्याची रीत अजून घरोघरी आहे. ती पूड डोळ्यांत गेल्याने तीव्र वेदना होऊन बुबुळाला इजा झालेले रुग्ण मी पाहिले आहेत. आजी प्रेमाने नातीच्या केसांना लेप लावते आणि रात्री दोघींचेही डोळे उघडत नाहीत. असे घडल्यास स्वच्छ पाण्याने किमान पंधरा मिनिटे डोळे धुवावेत. त्यानंतर विलंब न करता नेत्रतज्ज्ञांकडे जावे. घरातले उरलेले थेंब घालू नयेत. उवांसाठी सुरक्षित औषधे उपलब्ध आहेत.

याच कुळातील मामफळाच्या व पॉपॉच्या गरात ॲनोनासिन हे चेतापेशींना घातक द्रव्य आढळते. ग्वाडेलूप बेटावर मामफळाचे अतिसेवन आणि कंपवातासारखा आजार यांचा संबंध १९९९ साली संशोधकांनी मांडला. हंगामात बेताने सीताफळ खाणाऱ्याने यामुळे धास्तावण्याचे कारण नाही. पण या पानांचे आणि बियांचे काढे ‘नैसर्गिक’ म्हणून पिऊ नयेत.

झाड जरूर लावावे. गर खावा, बिया मुलांच्या हाती न देता मातीत पुराव्यात.