लपथपीत खिमा

खिमापावातला खिमा रस्सेदारही नसतो आणि कोरडाही नसतो. त्याला मराठीत नेमका शब्द आहे, लपथपीत. पळीने ताटलीत वाढला की त्याचा ढीग टिकतो, पण कडेने मसाल्याचा दाट, तेलाची झाक असलेला ओघळ सुटतो आणि तो पावाने पुसून घेता येतो. खिमा पातळ राहिला तर पाव भिजून हातातच फुटतो. फार आटला तर दाणे पावातून सांडतात आणि घास घशाशी चिकटतो. या दोन टोकांमधली जागा मसाल्याने साधत नाही, ती पाण्याने साधते. कोणते पाणी केव्हा आटू द्यायचे आणि केव्हा थोडे परत घालायचे, हे ज्याला कळले त्याला खिमा आला.

खिमा हा शब्द फारसी-उर्दूतल्या ‘क़ीमा’वरून आलेला आहे आणि पाव पोर्तुगिजांकडून. दोघांची जोडी मराठी माणसाच्या ओळखीची झाली ती मुख्यतः मुंबईच्या इराणी हॉटेलांतून. १९०४ साली सुरू झालेल्या धोबी तलावच्या कयानीसारख्या ठिकाणी सकाळी चहाबरोबर खिमापाव खाणारे गिऱ्हाईक आजही दिसते. अमेरिकेत याच कुळातला ‘स्लॉपी जो’ आहे. गाईचा खिमा टोमॅटोच्या गोडसर सॉसमध्ये शिजवून गोल बनपावात भरतात, आणि कामाच्या दिवशी संध्याकाळी पटकन होणारे जेवण म्हणून तो तिकडच्या घरांत रुळलेला आहे. १९६९ पासून त्याचा तयार सॉस डब्यातही मिळतो. तिथे आंबटगोड सॉस खिम्याला बांधून ठेवतो. इकडे ते काम कांदा करतो, आणि चवीच्या दृष्टीने कांदाच त्याला अधिक लायक आहे.

कोकण किनाऱ्यावर, श्रीवर्धन तालुक्यातल्या बोर्ली पंचतनसारख्या गावात झटपट रात्रीचे जेवण म्हणजे खरे तर मासळी. दिवेआगरचा किनारा हाकेच्या अंतरावर, दिघीची जेट्टी जवळ. मांदेली किंवा बोंबील तव्यावर टाकले की अर्ध्या तासात पाने वाढता येतात. पण १ जून ते ३१ जुलै या काळात यांत्रिक बोटींना मासेमारी बंद असते, ताजी मासळी दुर्मीळ आणि महाग होते. मग सुकट, अंडी, कोंबडी यांच्या जोडीला खिम्याची आठवण होते. वार पाळणाऱ्या हिंदू घरांत सोमवार, गुरुवार, शनिवार वगळून बुधवार-शुक्रवारची संध्याकाळ त्याला मिळते, आणि श्रावण लागला की तीही बंद होते. कोकणी मुसलमान घरांत असे बंधन नाही. तिथे खिमा बारमाही आहे, आणि त्याच्याबरोबर पावाइतकीच तांदळाची भाकरीही चालते. पावसाळ्यात बाहेर सरी कोसळत असताना तव्यावर शेकलेल्या पावाचे आकर्षण मात्र भाकरीपेक्षा थोडे जास्त असते, हे मान्य करायला हवे.

महाराष्ट्रात गोहत्येवर १९७६ च्या कायद्याने बंदी आहे आणि २०१५ च्या दुरुस्तीने बैल व वळूही त्यात आले. त्यामुळे राज्यात ‘मोठ्याचा’ खिमा म्हणून जे मिळते ते म्हशीचे किंवा रेड्याचे मांस. ते बोकडाच्या मांसापेक्षा गडद आणि भरड धाग्याचे असते आणि त्याला शिजायला वेळ लागतो. बहुतेक घरांत मात्र खिमा म्हणजे बोकडाचाच धरला जातो, आणि पुढची मापे त्याच्यासाठी आहेत. चार माणसांना अर्धा किलो पुरतो.

मांस खांद्याचे किंवा मानेचे घ्यावे. मांडीचा खिमा दिसायला सुरेख, पण त्यात चरबी आणि पडदे कमी, म्हणून तो शिजल्यावर भुशासारखा लागतो. खांद्यातले पडदे सावकाश विरघळून सरसासारखा चिकटपणा येतो, आणि लपथपीतपणाचा निम्मा भाग तोच असतो. अगदीच बिनचरबीचे मांस असेल तर खाटकाकडून मूठभर चरबी त्यात घालून घ्यावी. यंत्रातून दोनदा काढलेला खिमा पेस्टसारखा होतो आणि शिजताना त्याच्या गुठळ्या होतात. एकदाच काढलेला बरा. चिंचेच्या ओंडक्यावर सत्तूराने हाताने केलेला सगळ्यांत उत्तम, कारण त्यात दाणे लहानमोठे राहतात, बारीक दाणे रसात मिसळतात आणि मोठे दाताखाली येतात. संध्याकाळच्या गर्दीत खाटीक त्याला राजी होईलच असे नाही, पण विचारायला हरकत नसते.

खिमा घरी आणून धुण्याची पद्धत सर्वत्र आहे आणि बिघाडाची सुरुवात तिथेच होते. चाळणीत कितीही निथळला तरी दाण्यादाण्यात पाणी राहते, ते भांड्यात उतरते आणि मांस परतले जाण्याऐवजी उकडते. उपाय सोपा आहे. मांसाचा तुकडा निवडावा, तो अख्खा असतानाच धुऊन कोरडा पुसून घ्यायला सांगावा आणि मग खिमा करवून घ्यावा. घरी आल्यावर पाण्याचा थेंबही लावायचा नाही.

तो त्याच संध्याकाळी शिजवावा. अख्ख्या तुकड्यावर जंतू फक्त बाहेरच्या बाजूला असतात, खिमा करताना ते आतबाहेर मिसळतात, म्हणून तो लवकर नासतो आणि पूर्ण शिजवावाच लागतो. किनाऱ्यावर फ्रिजचा भरवसा धरता येत नाही, हे या पट्ट्याला चांगले ठाऊक आहे. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या टप्प्यात जमिनीवर आले, नारळी-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या आणि गावे कित्येक दिवस विजेविना राहिली. साध्या पावसाळ्यातही तारेवर फांदी पडली की रात्र अंधारात जाते. लागेल तेवढाच आणावा.

भांडे पसरट आणि जाड बुडाचे हवे. उंच, अरुंद पातेल्यात वाफ कोंडते आणि पाणी आटत नाही. तीन मोठे चमचे तेलात तमालपत्र, दोन लवंगा, दालचिनीचा तुकडा टाकून बारीक चिरलेले तीन कांदे परतायचे. इथे घाई करणाऱ्याला पुढे ती कुठेही भरून काढता येत नाही. कांदा नुसता पारदर्शक झालेला पुरत नाही. तो तांबूस, मऊ आणि जवळजवळ विरघळायच्या बेतात यावा, त्याला मध्यम आचेवर पंधरा मिनिटे लागतात. असा कांदा शेवटी वेगळा दिसत नाही, पण रसाला अंग त्याच्यामुळेच येते. मग दीड चमचा आले-लसणाचे वाटण, कच्चा वास जाईपर्यंत.

आता आच मोठी करून खिमा घालायचा आणि लाकडी उलथण्याने लगेच मोकळा करायचा. मीठ अजून घालायचे नाही. मिठाने मांसातली प्रथिने चिकट होऊन दाणे एकमेकांना धरतात. कबाबाला ते हवे असते, इथे नको. दोनतीन मिनिटांत खिमा करडा पडतो आणि भांड्यात पाणी दिसू लागते. हे त्याचे अंगचे पाणी. बहुतेकजण याच टप्प्याला हळद-तिखट घालून झाकण ठेवून मोकळे होतात, आणि त्यांच्या खिम्याला कायम उकडल्याचा वास येतो. पाणी आहे तोवर भांड्यातले तापमान शंभर अंशांच्या वर जात नाही, आणि मांसाला खमंग तांबूस रंग चढायला त्याहून बरीच जास्त उष्णता लागते. तेव्हा झाकण न ठेवता ते पाणी आटू द्यावे. कान उघडे असले तर घड्याळ लागत नाही. आधी खदखद ऐकू येते, मग ती विरळ होते आणि एका क्षणी चरचर सुरू होते. त्या चरचरीपासून पुढे चार-पाच मिनिटे हलवत राहायचे. बुडाला तपकिरी थर धरू लागतो. तो करपू द्यायचा नाही आणि टाकूनही द्यायचा नाही, चव तिथेच असते.

हळद, दीड चमचा तिखट, दोन चमचे धणेपूड आणि मीठ आता घालून अर्धा मिनिट परतावे आणि लगेच दोन टोमॅटो बारीक चिरून टाकावेत. टोमॅटोच्या ओलाव्याने बुडाचा थर सुटून येतो. टोमॅटो गळून कडेला तेल दिसले की अर्धी वाटी गरम पाणी घालून झाकण ठेवावे आणि मंद आचेवर पंचवीस मिनिटे सोडून द्यावे. आधी आटवलेले पाणी आणि हे पाणी यांत फरक आहे. पहिले मांसाला रंग येऊ देत नव्हते, दुसरे पडदे मऊ करते. गार पाण्याने मात्र शिजण्याची लय तुटते, म्हणून गरमच घालावे. कामावरून उशिरा आलेल्याने कुकरच्या तीन शिट्ट्या कराव्यात, फक्त कुकरमधून वाफ फारशी जात नाही हे लक्षात ठेवून पाणी निम्मे घ्यावे आणि शेवटी उघड्यावर आटवावे. कोंबडीचा खिमा बारा-पंधरा मिनिटांत होतो, पण त्याला चरबी नाही. तो लपथपीत ठेवायला कांदा आणखी एक वाढवावा लागतो.

बटाटा घालायचा असल्यास लहान फोडी करून टोमॅटोच्या आधी घालाव्यात. आंबटात बटाटा लवकर मऊ पडत नाही, टोमॅटोनंतर घातला तर खिमा शिजून जातो आणि फोडी टणक राहतात. मटार शेवटच्या दहा मिनिटांत. किनाऱ्यावरच्या काही घरांत भाजलेल्या कांद्या-खोबऱ्याचे वाटण घालतात. भाकरीबरोबर ते फार उत्तम लागते, पावाबरोबर जड होते. खोबऱ्याचे तेल आणि मांसाची चरबी एकत्र आली की पाव ओढून घेऊ शकत नाही. पावाच्या दिवशी वाटणाला सुटी द्यावी, गरम मसाला पाव चमचा पुरतो, आणि गॅस बंद केल्यावर पुदिना, कोथिंबीर आणि अर्धे लिंबू. शेवटी उलथण्याने भांड्याच्या बुडावर रेघ ओढून पाहावी. रेघ क्षणभर तशीच राहून मग कडेने हळूच भरून आली, तर खिमा जमला. लगेच भरली तर अजून दोन मिनिटे उघडा ठेवावा. भरलीच नाही तर गरम पाण्याचा एक शिपका द्यावा.

पाव लादीचा, सकाळचा असला तरी चालतो. शिळेपणात पाव वाळतो त्यापेक्षा त्यातला स्टार्च घट्ट होतो आणि उष्णतेने तो पुन्हा सैलावतो, म्हणून कालचा पावही तव्यावर जिवंत होतो. पावसाळी हवेत मात्र दोन दिवसांवर ठेवू नये, बुरशी धरतो. पाव एका बाजूने जोडलेला ठेवून उघडावा, आतल्या अंगाला लोणी लावून तापलेल्या तव्यावर दाबून शेकावा. लोण्याचा थर आणि शेकलेली खरपुडी यांच्यामुळे रस आत शिरायला वेळ लागतो, आणि तेवढ्या वेळात घास तोंडात पोहोचतो. बाहेरची बाजू शेकू नये, ती मऊच हवी. भरायचा असेल तर एका पावाला दीड पळी खिमा, वर बारीक कांदा. बोकडाची चरबी निवताच थिजते आणि टाळूला चिकटते, म्हणून ताटे मांडल्यावरच पाव शेकायला घ्यावेत.

उरलेल्या खिम्यात सकाळी दोन अंडी फोडून ‘घोटाळा’ नावाचा पदार्थ करतात. मुलांच्या डब्यात खिमा द्यायचा असेल तर तो तव्यावर आणखी आटवून, पूर्ण निवल्यावर भरावा. पाव वेगळ्या फडक्यात बांधावा.